चुकांच्या वहीतलं कोरं पान

माझ्या हातून चुका होत नाहीत असं मी स्वतः कधी म्हणत नाही. तसं छापील मानपत्र माझ्याकडे आहे, ते म्हणतं. परदेशी नोकरीसाठी निघालो तेव्हा जुन्या कारखान्यातल्या मंडळींनी माझा निरोप समारंभ केला. त्यात भिंतीवरचं एक घड्याळ दिलं आणि मानपत्र वाचून दाखवलं. 'चोवीस वर्षांच्या निष्कलंक सेवेत ज्यांच्याकडे बोट दाखवायला कोणाला जागा मिळाली नाही' असं एक वाक्य त्यात होतं. वाचणारा माझाच एक सहकारी होता. यांची खुर्ची कधीच भरून निघणार नाही, असंही तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच त्या खुर्चीवर बसला, पण ते असू दे.

बोट दाखवायला जागा न ठेवणं ही काही सोपी गोष्ट नाही. मी नळ तपासणारा माणूस. पितळी नळाचे आटे नीट पडलेत का, वॉशर बसलाय का, तोटी वाकडी तर नाही, हे बघायचं आणि खोक्यावर शिक्का मारायचा. आता हजारो नळांत एखादा गळणारच. तो गळला की आमच्याकडे तो नेहमी मागच्या पाळीचा असे. मागच्या पाळीला विचारलं तर तो तिच्याही मागच्या पाळीचा निघे, आणि असं मागे मागे सरकत गेलं की कारखाना सुरू व्हायच्या आधीच्या पाळीपर्यंत पोचता येई. त्यातूनही काही अंगाशी यायला लागलं तर 'साहेब, ते राहून गेलं' हे हुकमी वाक्य होतंच. या वाक्यापुढे चौकशी संपते. कामं आपली आपण राहून जातात आणि माणसं फक्त हळहळतात, अशी आमची पद्धत होती आणि तिच्यात साहेबांसकट सगळे सुखी होते.

नव्या कारखान्यात पहिल्याच आठवड्यात हे वाक्य मी तिथल्या भाषेत म्हणून पाहिलं. त्यांची भाषा मला कामापुरती येत होती. समोरच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोणाकडून राहिलं?" आवाज अजिबात चढलेला नव्हता. त्याला खरोखरच माहिती हवी होती. मी खोकलो आणि पाणी प्यायला गेलो.

नळ तिथेही तेच, पितळ तेच, गळायची रीतही तीच. वेगळी होती ती वही. चहाच्या फळीशेजारी एका खिळ्याला एक जाडजूड वही टांगलेली असे आणि तिला दोरीने पेन्सिल बांधलेली. प्रत्येकाला त्यात पानं नेमून दिलेली. आठवडाभरात ज्याच्या हातून जी चूक होईल ती त्याने स्वतःच्या पानावर, स्वतःच्या हाताने लिहायची आणि खाली सही करायची. दुसऱ्याची चूक लिहायला बंदी. सोमवारी सकाळी यंत्रं सुरू व्हायच्या आधी सगळे हातात कप घेऊन गोल उभे राहत. आमच्या विभागाच्या प्रमुख बाई वही वाचत आणि प्रत्येक चुकीला तेच तीन प्रश्न विचारत. काय झालं? आपल्या मांडणीत असं काय होतं, म्हणून ते झालं? आता काय बदलायचं? 'कोणी केलं' हा प्रश्न नव्हताच, कारण खाली सही होती. शिवाय तीच चूक पूर्वी ज्यांच्या हातून झाली असेल ते खाली 'माझ्याही हातून' असं लिहून आपली सही जोडत. पहिल्या सोमवारी हा प्रकार पाहिला तेव्हा मला वाटलं, बिचारी एवढी माणसं एकदम नोकरी सोडून चाललीत.

कोणी गेलं नाही. उलट ज्याने खोक्यांवर उलटे शिक्के मारल्याचं लिहिलं होतं त्याला दुसऱ्या दिवशी शिक्क्याच्या मुठीवर एक लाल ठिपका रंगवून मिळाला, वरची बाजू कळायला. मी मात्र ठरवलं होतं की आपण या भानगडीत पडायचं नाही. पाहुण्याने पाहुण्यासारखं राहावं. माझं पान मी स्वच्छ ठेवलं. पाच महिने ठेवलं. दर सोमवारी बाई माझं पान उलटत तेव्हा मी छाती थोडी पुढे काढत असे.

पाच महिने पुरे झाले त्या दिवशी बाईंनी मला आत बोलावलं. सहा महिन्यांच्या बोलीवर माझी नेमणूक होती. सहाव्या महिन्याच्या शेवटी बाईंनी शेरा द्यायचा. तो चांगला आला तर नोकरी पक्की, नाहीतर परतीची तिकिटं. मला वाटलं आता कौतुक होणार. मी मुलाखतीचा शर्ट घालून आलो नव्हतो याचं मला वाईटही वाटलं.

"तुमचं पान कोरं आहे," बाई म्हणाल्या.

मी नम्रपणे मान खाली घातली. असं काही नाही, प्रयत्न असतो, वगैरे पुटपुटलो.

"मला त्याची काळजी वाटते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला चुका दिसत नाहीत, की दिसतात आणि तुम्ही सांगत नाही? तपासणाऱ्या माणसाचं दोन्हीपैकी काहीही असलं तरी अवघड आहे. अजून एक महिना आहे. मी वाट बघते."

ज्या गुणासाठी आम्हाला घड्याळ मिळालं होतं त्या गुणासाठी ही बाई आम्हाला घरी पाठवायला निघाली होती.  परत जाणं म्हणजे नुसतं परत जाणं नव्हतं. बायको तिथल्या भाषेच्या वर्गाला जाऊन भाजीवालीशी भांडण्याइतकी तयार झाली होती. मुलीला शाळेत रडतखडत चार महिन्यांनी पहिली मैत्रीण मिळाली होती. गावाकडच्या घरात भाडेकरू बसले होते. आणि ज्या माणसाचा एकदा निरोप समारंभ होऊन गेलाय त्याने सहा महिन्यांत परत तोंड दाखवायचं म्हणजे काय, हे ज्याचा झालाय त्यालाच कळेल. घड्याळ परत मागणार नाहीत, पण बघतील त्याच्याकडे.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "एवढंच ना? कागद घ्या, मी सांगते." आणि पीठ मळता मळता तिने माझ्या चुका सांगायला सुरुवात केली. नळ उघडा टाकणं, चुकीच्या बसमध्ये आठवडाभर बसणं आणि बसच चुकली म्हणून सांगणं, तिच्या भावाला त्याच्या तोंडावर... मी तिला थांबवलं आणि समजावलं की चूक कामातली हवी. त्यावर ती म्हणाली, "मग कामातली लिहा. झालीच नाही असं कसं होईल?" खरं सांगतो, मला एकही आठवेना. स्वतःच्या चुकांकडे बघायची सवयच माझी मोडून गेली होती.

मग आम्ही वरच्या मजल्यावरच्या अनुभवींना गाठलं. हे आपल्याच भाषेतले एक निवृत्त गृहस्थ. वीस वर्षं तिथे काढलेली. 'मी अनुभवाने सांगतो' असं म्हटल्याशिवाय ते वेळसुद्धा सांगत नसत, म्हणून आम्ही घरात त्यांना अनुभवी म्हणत असू. त्यांनी चहा घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले की यांना चूक हवी आहे ना, मग द्यायची. फक्त ती खरी असायची काय गरज आहे? छोटी, स्वच्छ, कोणाचं नुकसान न करणारी चूक निवडायची. उदाहरणार्थ, कप फोडला असं लिहा. मी अनुभवाने सांगतो, कप सगळ्यात चांगला.

हे ऐकून माझा स्वाभिमान दुखावला. चोवीस वर्षं तपासनीस म्हणून काढलेला माणूस आपल्या कारकिर्दीतली पहिली चूक म्हणून कप फोडेल? माझ्या मानपत्राला शोभेल अशी काहीतरी तांत्रिक चूक हवी. शिवाय ती माझी मीच पकडलेली हवी, म्हणजे चुकीतूनही हुशारी दिसेल. रविवारचा अख्खा दिवस मी ती चूक घडवण्यात घालवला. बायको दोनदा म्हणाली की मला हे काही बरं दिसत नाही. मुलीने विचारलं, "बाबा, गृहपाठ आहे का?"

आता थोडं तांत्रिक सांगणं भाग आहे. नळाचे आटे तपासायला पोलादाच्या जाड कड्या असतात, त्यांना गेज म्हणतात. प्रत्येक मापाच्या दोन कड्या. एकीत चांगला नळ सहज फिरला पाहिजे, ती 'गो'. दुसरीत तो अजिबात फिरता कामा नये, ती 'नो-गो'. या सगळ्या कड्या माझ्या टेबलावर एका लाकडी तबकात असत. प्रत्येक कडीला तबकात तिचा स्वतःचा गोल खळगा कोरलेला. मी लिहिलं: 'मंगळवारी सकाळी अर्ध्या इंची नळाच्या दोन कड्या माझ्याकडून एकमेकींच्या खळग्यात ठेवल्या गेल्या. चहानंतर माझ्याच लक्षात आलं आणि मी त्या नीट ठेवल्या.' दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन ते वहीत उतरवलं आणि खाली झोकदार सही केली. वाचून मला स्वतःचा थोडा अभिमानच वाटला.

सोमवारी बाईंनी माझं पान उलटलं आणि थांबल्या. मग त्यांनी ते वाचलं. वाचून झाल्यावर त्या माझ्याकडे बघून पहिल्यांदाच मोकळं हसल्या. पॅकिंगवाल्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. कोणीतरी माझ्या कपात आणखी चहा ओतला. मला माझं बारसं झाल्यासारखं वाटलं.

मग बाईंनी पहिला प्रश्न विचारला. काय झालं? म्हणजे सकाळपासून चहापर्यंत किती नळ तपासले गेले? कड्या उलट्या असतील तर चांगले नळ नापास झाले असतील आणि वाईट पास. मी एवढा पुढचा विचार केलाच नव्हता. मंगळवारचे नळ कोणत्या खोक्यांत गेले ते सांगता येईना, म्हणून आठवडाभराचे सगळे धरले आणि हिशेब निघाला अठराशे नळांचा. ते खोक्यांत बंद होऊन बाहेर गाडीत चढवलेले होते. गाडी थांबवली. खोकी उतरवली. चार माणसं दोन दिवस अठराशे नळ पुन्हा तपासत बसली, आणि त्यांच्यापैकी एकानेही मला वाकडा शब्द ऐकवला नाही. मी त्यांच्यात बसून खाली मान घालून नळ फिरवत होतो. सगळे अठराशे नळ ठणठणीत निघाले. मला वाटलं, सुटलो.

पण चूक झाली आणि नुकसान झालं नाही, एवढ्यावर समाधान मानणारी ती माणसं नव्हती. दुसरा प्रश्न उरला होता. आपल्या मांडणीत असं काय होतं? पहिला संशय उजेडावर. एक माणूस उजेड मोजायचं यंत्र घेऊन आला आणि माझ्या टेबलाभोवती तासभर फिरला. उजेड भरपूर होता. मग संशय माझ्या डोळ्यांवर. त्यासाठी एक फॉर्म भरावा लागला. त्यात 'चुकीचं स्वरूप' असा रकाना होता आणि 'चूक होताना डोळ्यांना काय जाणवलं' असाही होता. मी 'काही विशेष नाही' असं लिहिलं, तर कचेरीतल्या कारकून बाईंनी तो परत पाठवला, की कृपया नीट आठवून लिहा. शेवटी कंपनीच्या खर्चाने मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने तासभर माझ्या डोळ्यांत बॅटऱ्या मारल्या आणि या वयात एवढे चांगले डोळे मी पाहिले नाहीत असं लेखी दिलं. आयुष्यात इतकं निरोगी असल्याचं दुःख मला कधी झालं नव्हतं.

कारण नळ बरोबर, उजेड बरोबर, डोळे बरोबर म्हटल्यावर एकच गोष्ट उरली. तबक.

ते तबक आजोबांनी कोरलेलं होतं. आजोबा म्हणजे आमच्या टूलरूमचे, जिथे कड्या आणि हत्यारं घडवतात तिथले, सगळ्यात जुने कारागीर. एकेचाळीस वर्षं तिथे काम करत होते आणि तीन महिन्यांनी निवृत्त व्हायचे होते. पण निवृत्तीनंतर एक वर्ष येऊन नव्या दोघांना आपली विद्या शिकवावी म्हणून सगळ्या कारखान्याने त्यांना गळ घातली होती, आणि बऱ्याच नाही नाहीनंतर ते हो म्हणाले होते. अंगाने बारीक, फारसं न बोलणारे, नखांत कायम लाकडाची भुकटी. ते आले, माझं पान दोनदा वाचलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "हे कसं झालं ते करून दाखवाल का?"

आयुष्यभर मला लोकांनी चूक करू नका म्हणून सांगितलं. करून दाखवा म्हणणारा हा पहिला माणूस भेटला. सगळे जमले. मी नो-गो कडी उचलली आणि 'गो'च्या खळग्यात ठेवली. ती बसेना. तिरकी करून पाहिली, दाबून पाहिली. ती कडेवर अडून राहिली. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की प्रत्येक नो-गो कडी बाहेरून एक सूतभर मोठी आहे. आजोबांनी ती मुद्दाम तशी केली होती आणि खळगे तसेच कोरले होते. त्या तबकात कड्यांची अदलाबदल होऊच शकत नव्हती. पाच महिने रोज माझे हात त्या तबकात फिरत होते आणि मला याचा पत्ता नव्हता, कारण माझा हात कधी अडलाच नव्हता. एखाद्या माणसाने दुसऱ्याच्या चुकीची वाट अशी गुपचूप बंद करून ठेवावी आणि त्याबद्दल अवाक्षर बोलू नये, हे मला तिथे घामाघूम होऊन उभं असताना समजलं.

"जोर लावू नका," आजोबा म्हणाले. "बोट दुखेल."

माझी चूक मला परत करता येत नव्हती. आणि एवढ्या जमलेल्या माणसांत एकाच्याही मनात आलं नाही की हा माणूस खोटं बोलत असेल. आपल्याकडे पहिल्या मिनिटाला पहिला विचार तोच आला असता आणि मी वाचलो असतो. इथे वहीत लिहिलंय म्हणजे झालं, ही त्यांची खात्री. मग ते होऊ शकलं कसं, एवढाच प्रश्न. कोणी म्हणालं त्या दिवशी हवा दमट असेल, लाकूड फुगलं असेल. कोणी म्हणालं फुगलं तर खळगा लहान होईल, मोठा कसा होईल.  आजोबांनी तबक फडक्यात गुंडाळलं आणि घरी घेऊन गेले.

पुढच्या सोमवारी ते तबक घेऊन आले. त्यांनी चाळीस वेळा करून पाहिलं होतं. चाळीस वेळा कडी बसली नव्हती. पण एकदा बसली होती, असं लिहिलेलं आहे, ते म्हणाले. म्हणजे कुठेतरी माझ्या कोरण्यात खोट आहे आणि मला ती दिसत नाही. ज्याला स्वतःच्या कामातली खोट दिसत नाही त्याने दुसऱ्यांना शिकवू नये. मी ते वर्ष येणार नाही. एवढं बोलून त्यांनी कप विसळला, फळीवर पालथा ठेवला आणि टूलरूममध्ये निघून गेले. शिकायला ठेवलेली ती दोघं, एक मुलगा आणि एक मुलगी, भिंतीला टेकून नुसती उभी राहिली.

घरी येऊन मी चपला न काढताच बसलो. अनुभवी आलेलेच होते. ते म्हणाले, एक शब्द बोलू नका. म्हातारा तीन महिन्यांनी जाणारच होता, तुमचा शेरा पंधरा दिवसांवर आलाय, मी अनुभवाने सांगतो, लोक विसरतात. मी बायकोकडे बघितलं. ती मटार सोलत होती.

"नोकरी गेली तर जाऊ परत," ती म्हणाली. "घड्याळ अजून खोक्यातच आहे. पण त्या माणसाच्या एकेचाळीस वर्षांवर तुम्ही डाग पाडलात, तो घेऊन मी इथे भाजी आणायला जाणार नाही."

अनुभवींनी चहा अर्धा ठेवला आणि उठले.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन मी वही काढली. चोवीस वर्षांत अर्जाला, खुलाशाला, कसल्याच कागदाला मला कधी शब्द कमी पडले नव्हते. त्या दिवशी चार ओळींना पाऊण तास लागला. 'मागची चूक मी केलेली नाही. माझं पान कोरं होतं आणि नोकरी जाईल अशी भीती वाटली, म्हणून ती मी घरी बसून बनवली. तबकात काही खोट नाही. अठराशे नळ, चार माणसांचे दोन दिवस आणि आजोबांची झोप माझ्यामुळे गेली. ही चूक खरी आहे.' सही या वेळी झोकदार आली नाही.

सोमवारपर्यंतचे दिवस कसे काढले ते विचारू नका. सोमवारी बाईंनी ते नेहमीच्याच आवाजात वाचलं.  माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. मग शिकणाऱ्या दोघांपैकी मुलगी म्हणाली, "म्हणजे तबक चांगलं आहे?" आणि सगळे माझ्याकडे न बघता आजोबांकडे बघायला लागले. आजोबांनी तबक उचललं, आपल्या दोन्ही हातांत धरलं आणि टूलरूमकडे निघून गेले.

बाईंनी दुसरा प्रश्न विचारला. आपल्या मांडणीत असं काय होतं?  मग त्यांनीच पेन्सिल घेतली, वहीतलं स्वतःचं पान काढलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं: "मी एका माणसाकडे चूक मागितली." खाली सही केली.  आमच्या जुन्या साहेबांनी अशा वेळी काय काय केलं असतं ते मला पाठ होतं, आणि त्यात हे कुठेच नव्हतं. तिसऱ्या प्रश्नाला ठरलं की नव्या माणसाला नुसती वही दाखवायची नाही; पहिल्या दिवशी बाईंनी बसून आपलं स्वतःचं जुनं पान त्याला वाचून दाखवायचं.

पुढचे तीन दिवस माझ्या त्या नोंदीखाली एक एक सही येत गेली, म्हणजे भीतीने चूक बनवणारा मी एकटा नव्हतो. 'माझ्याही हातून', पॅकिंगवाला. 'माझ्याही हातून, एकदा, शिक्क्याच्या वेळी', उलट्या शिक्क्यांवाला. मग कारकून बाई. गुरुवारी सात झाल्या. आजोबांची नव्हती. ते माझ्याशी बोलत नव्हते, आणि बोलावं अशी अपेक्षा करायचं तोंडही मला नव्हतं. मी रोज त्यांच्या दारावरून जाताना उगाच थांबत असे.

शुक्रवारी ते स्वतः आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी त्यांच्या हातात होतं. त्यांनी ते माझ्या टेबलावर सोडलं. आतून एक कप निघाला. आमच्या फळीवरचे कप निळ्या काठाचे. हा हिरव्या काठाचा, जुन्या तऱ्हेचा, पण बुडाला कारखान्याचाच छाप.

"मी इथे लागलो तेव्हा माझंही पान कोरं होतं," ते म्हणाले. "मलाही भीती वाटली. मी लिहिलं, कप फोडला. मग न फुटलेला कप इथे ठेवता येईना, म्हणून घरी नेला. एकेचाळीस वर्षं कपाटात आहे. बायकोलासुद्धा त्यातून पिऊ दिलं नाही." त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. "कपाची चौकशी कोणी करत नाही. तुम्ही कपच फोडायला हवा होता."

मग चहाच्या फळीपाशी जाऊन त्यांनी आपल्या पानावर एकेचाळीस वर्षं उशिराने ती चूक लिहिली, आणि माझ्या नोंदीखाली आठवी सही केली. ते वर्ष येणार का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. तबक परत माझ्या टेबलावर आलं होतं, त्यावरून मी काय ते समजलो. संध्याकाळी शिकणारी दोघं टूलरूममध्ये लाकूड घासताना दिसली आणि मला अक्षरशः रडू आलं. नाक शिंकरायला मी बाहेर गेलो.

माझ्या शेऱ्यात बाईंनी एवढंच लिहिलं: 'पानावर एक चूक आहे. ठेवावे.' घरी घड्याळ खोक्यातून काढून भिंतीवर लावलं. मानपत्र मात्र खोक्यातच राहू दिलं. अनुभवी जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "मी तेव्हाच सांगितलं होतं. कप."

हिरव्या काठाचा कप आजोबांनी मलाच दिला. रोजचा चहा मी त्यातून पीत असे. विसळायलाही दुसऱ्या कोणाला देत नसे. इतका जपायचो, आणि दोन महिन्यांनी एका सकाळी साबणाच्या हातातून तो निसटला आणि फरशीवर त्याचे पाच तुकडे झाले. मी तसाच ओल्या हातांनी वहीकडे पळालो आणि लिहिलं: 'कप फोडला.' दुपारपर्यंत खाली सहा जणांच्या सह्या आल्या, कारण कप सगळ्यांच्याच हातून फुटतात.

शेवटी आजोबा आले. त्यांनी नोंद वाचली. मग खाली बसून पाचही तुकडे वेचले, दोन तुकडे एकमेकांना जोडून कडेवरून नख फिरवून पाहिलं, बुडाचा छाप बघितला. सवयीने त्यांनी पेन्सिल हातात घेतली, 'माझ्याही' एवढं लिहायला टोक कागदाला टेकवलंही, आणि थांबले. पेन्सिल त्यांनी परत सोडून दिली.

"ही खरी आहे," ते म्हणाले. "पण ही तुमची एकट्याची. माझ्या हातून कप कधी फुटलेला नाही."